त्सिनोर ते सुरंग बावी: नळाच्या शब्दाचा माग

बीदरच्या बाजारात नळाच्या सामानाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एकाच वस्तूला किती नावं असतात ते कानांनी कळतं. भालकी-औरादकडचा शेतकरी मराठीत नळी मागतो. हुमनाबादच्या बाजूचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये कोळवे म्हणतं. बोअरवेललाही तिकडे कोळवे बावीच म्हणतात. जुन्या शहरातल्या दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी नल असतो. दुकानदार तिघांचंही ऐकून घेतो आणि पावतीवर ‘पाइप’ लिहितो.

या चार शब्दांच्या पोटात तीन वेगवेगळ्या आठवणी आहेत. ‘पाइप’ हा आवाजावरून आलेला शब्द. लॅटिनमध्ये पाखराच्या चिवचिवाटासाठी जे क्रियापद होतं, त्यातून आधी फुंकून वाजवायच्या पाव्याचं नाव झालं आणि पुढे पाव्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक पोकळ वस्तूचं. ‘नळ’, ‘नळी’ आणि ‘नल’ यांचं मूळ एका गवतात आहे. त्याकडे आपण येऊच. ‘कोळवे’ ही द्राविडी कुळाची ठेव. भाषा सीमेवर भेटतात तेव्हा वस्तू एक आणि आठवणी अनेक, असं होतं.

या प्रकरणात मला पाचव्या एका शब्दाचा माग काढायचा आहे. तो हिब्रू भाषेतला, ‘त्सिनोर’. आजच्या हिब्रूत त्याचा अर्थ सरळ आहे: नळ, पाइप. पण मूळ ग्रंथात त्याचा अर्थ काय, यावर दोन हजारांहून जास्त वर्षं विद्वानांचं एकमत झालेलं नाही. हा शब्द कोड्यासारखा का झाला ते समजायला यरुशलेमइतकंच बीदर उपयोगी पडतं, कारण जमिनीखालून पाणी नेण्याची विद्या दोन्ही गावांनी जाणली होती.

दोनदाच आलेला शब्द

हिब्रू बायबलमध्ये त्सिनोर हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आणि एकदा बेचाळिसाव्या स्तोत्रात.

पहिला प्रसंग लढाईचा आहे. दावीद राजाला यबूसी लोकांच्या ताब्यातलं यरुशलेम घ्यायचं आहे. गड उंचावर, तट भक्कम. आतले लोक इतके निर्धास्त, की आमचे आंधळे-पांगळेसुद्धा तुला अडवतील असं ते दावीदाला सांगतात. तेव्हा दावीद आपल्या माणसांशी बोलताना यबूस्यांना मारण्याची आणि त्सिनोरपर्यंत पोहोचण्याची गोष्ट काढतो. वाक्य इतकं तुटक आहे, की त्सिनोर ही जागा, हत्यार की आणखी काही, ते वाक्यावरून ठरत नाही. हीच हकिकत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पुन्हा आली आहे. तिथे दावीदाचा माणूस यवाब सर्वांत आधी चढून गेला आणि सेनापती झाला असं सांगितलं आहे, पण त्सिनोर हा शब्द तिथे गळून गेला आहे. तो लिहिणाऱ्यालाही कदाचित अडला असावा.

दुसरा प्रसंग पूर्ण वेगळा. देवापासून दुरावलेला एक भक्त आपल्या जिवाची घालमेल सांगतो आहे. खोल पाणी खोल पाण्याला हाक मारतं आणि ती हाक ऐकू येते देवाच्या त्सिनोरांच्या घोषात, असं चित्र तिथे आहे. उंचावरून कोसळणारं, कानठळ्या बसवणारं पाणी. हे चित्र डोळ्यांसमोर आणायचं असेल तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गात पावसाळ्यात जावं. बोरी नदीवर आदिलशाहीत, १६१३च्या सुमारास बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरली, की नर-मादी नावाच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली झेपावतं आणि महालात उभं राहिलेल्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्तोत्रकाराचा त्सिनोर या जातीचा आहे.

आता भाषांतरकारांची अडचण पाहा. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी शमुवेलाच्या पुस्तकात या शब्दाच्या जागी खंजीर घातला आणि स्तोत्रात धबधबा. म्हणजे एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ, तेही एकमेकांशी काही नातं नसलेले. लॅटिन भाषांतरात शमुवेलाच्या पुस्तकात घराच्या छपराच्या पन्हाळी आल्या. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये गटार आलं. विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी तटावर चढायचा आकडा सुचवला, कारण पुढच्या काळातल्या हिब्रूत त्सिनोरा हे आकड्यासारख्या अवजाराचं नाव आहे. प्रत्येकाने आपल्या परीने वाक्य सोडवलं.

मग १८६७मध्ये चार्ल्स वॉरन या ब्रिटिश लष्करी अभियंत्याला यरुशलेमच्या गीहोन झऱ्याच्या वर खडकात एक उभं विवर सापडलं. सुमारे १४ मीटर खोल, तळाशी झऱ्याचं पाणी. शहरातली माणसं तटाबाहेर न जाता वरून पोहरा सोडून पाणी काढत असणार, असं वाटलं. आणि हाच तो त्सिनोर, यातूनच यवाब वर चढला, ही कल्पना रुजली. हा उलगडा इतका चपखल होता, की पुस्तकांतून तो वारंवार छापला गेला. १९९५पासून रॉनी राइश आणि एली शुक्रोन यांनी तिथे नव्याने उत्खनन केलं, तेव्हा चित्र बदललं. ते विवर माणसाने खोदलेलं नव्हतं. चुनखडीत पाण्याने आपोआप झिजून तयार झालेलं होतं आणि दावीदाच्या काळात त्यातून पाणी काढत असण्याची शक्यता कमी दिसली. त्याच खोदकामात झऱ्याभोवतीचे भक्कम बुरूज आणि मोठा हौद मात्र उजेडात आला. म्हणजे यबूस्यांच्या शहराने पाण्यासाठी मोठी बांधणी केली होती हे पक्कं झालं. त्सिनोर तिचा कोणता भाग, हा प्रश्न तेवढा मोकळा राहिला.

या सगळ्या शोधातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शब्दाचा अर्थ वस्तूबरोबर बुजतो. लोक जोवर त्या वाटेने पाणी भरत होते तोवर त्सिनोर म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नसेल. वाट बुजली आणि शब्द तेवढा पोथीत उरला. मग कोश कितीही चाळले तरी पुरत नाही. जमीन खणावी लागते.

बोरूची पोकळी

नळासाठी हिब्रूत आणखी एक जुना शब्द आहे, ‘काने’. याचा मूळ अर्थ बोरू, पाणथळ जागी उगवणारं पोकळ कांड्याचं गवत. निर्गमाच्या पुस्तकात सात दिव्यांच्या दीपवृक्षाच्या ज्या फांद्या सांगितल्या आहेत त्यांना हाच शब्द आहे. यहेज्केलाच्या दृष्टांतात मंदिर मोजायची काठी म्हणजेही काने, सहा हात लांबीची. यहुदी धर्मशास्त्रात जनावराच्या श्वासनलिकेला काने म्हणतात. आजच्या हिब्रूत बंदुकीची नळी काने आहे, आणि ऊस म्हणजे ‘कने सुकार’, साखरेचा बोरू. त्यातला सुकार आपल्या संस्कृत शर्करेपासून निघून फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोहोचलेला आहे. बीदर-कलबुर्गीच्या शेतातला ऊस हिब्रूत बोलायला लागला, तरी त्याच्या नावातलं अर्धं घर आपलंच निघतं.

आता मराठीकडे वळू. वैदिक भाषेत नड म्हणजे बोरू. ड आणि ळ यांची अदलाबदल जुनी, त्यामुळे नड, नल, नळ ही एकाच रोपाची रूपं. त्यातून नळी, नलिका, नळकांडं निघालं. नाडीचं मूळही तेच. वैद्य बोटाखाली जी धरतो ती रक्ताची नळी. बाळाला आईशी जोडणारी नाळ त्याच कुळातली. आणि आपणही श्वासनलिका म्हणतो, बंदुकीची नळी म्हणतो. हिब्रूने आपल्याकडून घेतलं नाही, आपण हिब्रूकडून घेतलं नाही. दोन कुळांच्या दोन भाषांनी काठावरचा बोरू मोडून पाहिला, आतून पोकळ दिसला आणि पुढे आयुष्यात जे जे पोकळ भेटलं, घसा काय, बंदूक काय, त्याला त्याचंच नाव दिलं.

काने या शब्दाची भावंडं त्याहून लांब गेली. अक्कडियन भाषेतला कनू तोच. ग्रीकमध्ये तो कान्ना झाला, लॅटिनमध्ये कान्ना आणि कानालिस. त्यातून युरोपातले कालव्याचे, तोफेचे आणि छडीचे शब्द निघाले. इंग्रजी ‘चॅनेल’ही त्याच घरातला, म्हणजे ‘चॅनेल बदल रे’ म्हणताना आपण बोरूचंच नाव घेत असतो. मोजायच्या सरळ बोरूवरून ग्रीकमध्ये नियमाला कानोन म्हणू लागले. अरबीने त्याचा कानून केला आणि निजामाच्या राज्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी तो कचेरीत रोज ऐकला.

अरबीतच आपल्या कामाचा शब्द आहे, ‘कनात’. म्हणजे बोरू, भाल्याची काठी आणि पाण्याचा कालवा. तंबूची कनात निराळी, तिचा इथे संबंध नाही. सुएझच्या कालव्यालाही अरबीत कनातच म्हणतात. जमिनीखालून खोदलेल्या पाण्याच्या बोगद्याचं जगभर रूढ असलेलं नाव हेच. फारसीत त्याला ‘कारेझ’ म्हणतात. म्हणजे हिब्रू काने आणि अरबी कनात सख्खी भावंडं. आणि या घराण्याची एक जिवंत खूण बीदर शहराला लागून, नौबादला आहे.

नौबादची सुरंग

बहमनी राज्य १३४७मध्ये स्थापन झालं तेव्हा राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. अहमदशहा १४२२मध्ये गादीवर आला आणि त्याने राजधानी बीदरला हलवली. इराणातल्या किरमान प्रांतातले सूफी शाह नेमतुल्ला यांच्यावर त्याची श्रद्धा होती. त्यांचे वंशज बीदरला आले. अष्टूरच्या वाटेवरची चौखंडी हे त्यांच्यातल्या खलीलुल्लांचं थडगं. किरमान हा कारेझांचा मुलूख. शेतापासून मशिदीपर्यंत सगळं तिथे जमिनीखालच्या पाण्यावर चालतं. इराणी विद्वान, कारागीर, सरदार दख्खनमध्ये येत होते आणि त्या काळात बीदरच्या पठारात कारेझ खोदली गेली.

बीदरचं पठार हे त्यासाठी जणू घडवलेलंच. वर जांभा दगड, तांबडा, सच्छिद्र, स्पंजासारखा. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो. खाली काळा पाषाण. दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा थर, ज्यातून पाणी सहज खाली जात नाही. म्हणून पाणी जांभ्यात मुरतं, मातीवर अडतं आणि पठाराच्या कडेला वाट मिळेल तिथे बाहेर येतं. बीदरची तीर्थं या एकाच कारणाने जन्मली आहेत. झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक छातीभर पाण्यातून चालत देवापर्यंत जातात. नानक झिरा गुरुद्वारात, परंपरेनुसार गुरू नानकांच्या पायांपाशी फुटलेला झरा आजही वाहतो. पापनाशाच्या कुंडातही झऱ्याचंच पाणी. देव वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या, पाणी एकाच जांभ्याचं.

कारेझ खोदणाऱ्यांनी या झिरपणाऱ्या पाण्याला वाट करून दिली. आधी चढावर एक विहीर खणायची, ती मूळ विहीर. तिला पाणी लागलं की उताराच्या दिशेने ठरावीक अंतरावर एकेक उभी विहीर खणत जायची आणि जमिनीखाली त्या सगळ्यांना एका बोगद्याने जोडायचं. बोगद्याला उतार अगदी थोडा ठेवायचा. जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. या विहिरींतून माती वर काढता येते, आत हवा खेळते आणि पुढे गाळ उपसायलाही त्याच उपयोगी पडतात. शेवटी बोगदा उतारावर जमिनीबाहेर येतो आणि पाणी आपोआप वाहत राहतं. मोट नको, रहाट नको, बैल नको.

नौबादची ही वाट दोन किलोमीटरांहून लांब आहे आणि तिच्यावर अशा वीसच्या वर विहिरी आहेत. स्थानिक लोक तिला सुरंग बावी म्हणतात. सुरंग आपली, बावी म्हणजे विहीर, ती कन्नड. नावातच सीमाभाग आहे. बीदरला शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा आणखी दोन व्यवस्था आहेत. जमना मोरीची वाट जुन्या शहरात पाणी खेळवण्यासाठी.

काळाच्या ओघात नौबादच्या विहिरी बुजत गेल्या. कुठे कचरा पडला, कुठे वर बांधकाम झालं. माणसं त्यांना सुट्या, जुन्या विहिरी समजू लागली. खालून त्या सगळ्या एकाच नळाची तोंडं आहेत हे विसरलं गेलं. केरळातले भूगोलाचे अध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी ही व्यवस्था नकाशावर मांडली. २०१४मध्ये बीदर शहर जागतिक स्मारक निधीच्या संवर्धन यादीत आलं. त्याच सुमारास जिल्हा प्रशासनाने नौबादचा गाळ काढायला घेतला. विहिरींतून माती वर आली तशी बोगद्याची कमान दिसू लागली आणि सुरंग हे नाव का पडलं ते नव्या पिढीला डोळ्यांनी पाहता आलं. यरुशलेमला शब्द होता आणि वस्तू हरवली होती. नौबादला नाव लोकांच्या तोंडी होतं, त्याच्या खालची वाट बुजली होती.

खोदणाऱ्यांची गोष्ट निघालीच आहे, तर यरुशलेमचा आणखी एक बोगदा सांगायला हवा. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस अश्शूरी सैन्य चालून येणार म्हणून हिज्कीया राजाने गीहोनचं पाणी शहराच्या आत शिलोहच्या तळ्यात आणवलं. बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब आणि नागमोडी. एवढ्या लांबीत उतार साधारण ३० सेंटिमीटर. दोन टोकांकडून दोन तुकड्या खोदत आल्या. १८८०मध्ये त्या बोगद्याच्या भिंतीवर सहा ओळींचा प्राचीन हिब्रू लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. खडकापलीकडून दुसऱ्या तुकडीच्या माणसांचा आवाज कसा ऐकू आला आणि कुदळ कुदळीला कशी भिडली, एवढंच त्यात आहे. बोगद्यासाठी खोदणाऱ्यांनी वापरलेला शब्द ‘भोक पाडणे’ या धातूपासूनचा आहे. त्सिनोर तिथे नाही. पाणी पिणारा त्या वाटेला जे म्हणतो, ते खोदणारा म्हणतोच असं नाही. त्याच्या लेखी ते खडकाला पाडलेलं भोक असतं.

पन्हाळ, मोरी आणि वाहतं पाणी

बायबलनंतरच्या काळात त्सिनोर घराच्या छपरावर आला. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात त्सिनोर म्हणजे छपराचं पाणी खाली आणणारी पन्हाळ. शुद्धिस्नानाच्या कुंडात पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी आपणहून यावं लागतं. भांड्याने भरून ओतलेलं चालत नाही. म्हणून शास्त्रकार बारकाईने विचारतात: पन्हाळीखाली कुणी भांडी ठेवली तर? पन्हाळीतच खडे-माती अडावी म्हणून कुणी खळगा कोरला, तर ती पन्हाळ भांडं ठरेल का? लाकडाच्या पन्हाळीला एक माप, मातीच्या पन्हाळीला दुसरं. हा वाद वाचताना त्या काळच्या नळकाऱ्याचा हात दिसतो. खडे अडवायला खळगा ठेवणं ही युक्ती त्याला माहीत होती. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली, पुण्याला पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं. हौद आणि हवा सोडणारे उच्छ्वास बांधून नळातला गाळ आणि हवा सांभाळणं ही त्याच विद्येची पुढची पायरी.

मराठीतली पन्हाळ संस्कृत प्रणालापासून आली. हिंदीत त्याचाच परनाला झाला. हा शब्द आपल्या अंगवळणी पडला तो देवळातून. बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिच्या परिसरातली जलसंगी, नारायणपूरची देवळं पाहिली, की गाभाऱ्याबाहेर अभिषेकाचं पाणी जाण्याची वाट शोधायची सवय लागते. महादेवाला आपण अर्धी प्रदक्षिणा घालतो, पन्हाळीपाशी पोहोचलो की मागे फिरतो. ती ओलांडायची नाही. मूर्तीवरून वाहिलेलं पाणी जिथून जातं ती जागाही देवाचीच, ही समजूत लहानपणीच पायांना शिकवलेली असते. पन्हाळ ही नुसती नळी असती तर तिला एवढा मान मिळाला नसता.

यहुदी गूढवाद्यांनीही त्सिनोरला असाच मान दिला. ईश्वराची कृपा वरून खाली ज्या वाटांनी उतरते त्यांना कब्बाला परंपरेत त्सिनोर म्हणतात. स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि ईयोबाचं पुस्तक गाताना हिब्रू अक्षरांवर स्वराच्या खुणा असतात, त्यातली एक वळणदार खूण त्सिनोर या नावाची. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी यहुदी मंडळींच्या सिनेगॉगमध्ये ही स्तोत्रं हिब्रूत म्हटली गेली आणि घरी परतल्यावर बोलणं मराठीत सुरू झालं.

जमना मोरीतली मोरी मात्र आपल्या घरात घसरून पडली. बीदरमध्ये ती पाणी आणणारी वाट होती. पुण्या-मुंबईच्या घरात मोरी म्हणजे भांडी घासायची, पाय धुवायची, सांडपाणी जायची जागा. तोच शब्द, एका गावी येणाऱ्या पाण्याचा, दुसऱ्या गावी जाणाऱ्या पाण्याचा. इंग्रजी बायबलने त्सिनोरचं गटार केलं तेव्हाही असंच झालं होतं.

फुंकणी, गुडगुडी आणि सनई

नळातून पाण्याखेरीज श्वासही जातो. हिब्रूत पाव्याला ‘खालील’ म्हणतात. शब्दाचं मूळ पोकळीत आहे. शलमोनाला राजा म्हणून अभिषेक झाला तो गीहोनच्या झऱ्यापाशी, आणि लोक तेव्हा खालील वाजवत त्याच्यामागून चालले, असं राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. ज्या झऱ्याभोवती पाण्याच्या नळाचं कोडं रेंगाळतं, त्याच झऱ्यावर सुराच्या नळीचा जल्लोष झाला. आपल्याकडे लग्नात वाजणारी सनई फारसी ‘नै’ पोटात घेऊन आली आहे, आणि नै म्हणजे पुन्हा बोरूच. चूल फुंकायची फुंकणी मात्र सरळ कामावरून नाव घेऊन बसली.

तिसरी नळी धुराची. बीदरच्या बिद्री कारागिरांनी हुक्क्याच्या बैठकी घडवल्या, त्या आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू ओतायचा, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, मग नवसागर आणि किल्ल्यातली माती यांच्या लेपाने धातू काळा करायचा. चांदी तेवढी उजळ राहते. या हुक्क्याच्या नळीला नैचा म्हणतात, लहान बोरू. हिब्रूत ओढायच्या पाइपला ‘मिक्तेरेत’ म्हणतात आणि बायबलमध्ये त्याचा अर्थ धूपदान. देवासमोरचा धूप आणि ओसरीवरची गुडगुडी, दोन्हींत धूरच. हिब्रूने धुरावरून नाव ठेवलं, फारसीने पोकळीवरून.

आजचा त्सिनोर

हिब्रू ही अनेक शतकं प्रार्थनेची आणि पोथीची भाषा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती पुन्हा घराघरांत बोलली जाऊ लागली. तेव्हा वाद असलेले जुने शब्दही रोजच्या कामाला लावावे लागले. त्सिनोरला पाण्याच्या पाइपचं काम मिळालं. त्याच्याशी आवाजाने जवळचा आणखी एक शब्द जखऱ्याच्या पुस्तकात एकदाच येतो, दिव्याला तेल पुरवणाऱ्या सोन्याच्या नळ्यांसाठी. त्यावरून आज हिब्रूत डॉक्टर रक्तवाहिनीत सरकवतात त्या बारीक नळीला ‘त्सन्तार’ म्हणतात आणि त्या उपचाराला ‘त्सिन्तूर’. देवदिव्याचं तेल वाहणारा शब्द आता हृदयाच्या धमन्या मोकळ्या करायला येतो. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी सुटी पाळणारे आणि म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले बेने इस्राएल आज बहुतेक इस्राएलमध्ये राहतात, हिब्रू बोलतात, आणि तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं आहे. तेल, नळी आणि दिवा, तिन्ही त्यांच्या ओळखीचे.

त्सिनोरची आणखी एक गोष्ट आपल्या शेतापर्यंत येते. १९३०च्या दशकात सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याला एका शेतकऱ्याने एक झाड दाखवलं. पाणी दिल्याशिवाय ते आजूबाजूच्या झाडांपेक्षा जोमाने वाढलं होतं. ब्लासने मुळाशी उकरून पाहिलं तर तिथल्या नळाचा सांधा गळत होता, थेंब थेंब. बाकी कुणी तो सांधा बदलून मोकळा झाला असता. ब्लासच्या मनात तो थेंब राहिला. पुढे प्लास्टिक आलं तेव्हा त्याने युक्ती काढली. पाणी बारीक भोकातून सोडलं तर ते तुंबतं, म्हणून त्याने ते लांब, वळणावळणाच्या अरुंद वाटेने फिरवलं. घर्षणाने जोर संपतो आणि टोकाला थेंब उरतो. १९६५मध्ये हत्सेरीम या किब्बुत्झने, म्हणजे इस्राएलमधल्या सामुदायिक वसाहतीने, या शोधावर नेताफिम हा उद्योग उभा केला.

आता भालकीच्या ऊसवाल्याच्या शेतात जा. तो ठिबक म्हणतो, ‘ठिबकच्या नळ्या अंथरल्या’ असं सांगतो. सरीच्या कडेने काळी नळी पसरलेली, तिच्या तोंडाशी थेंब जमतो, जड होतो, मातीत उतरतो. नळीतलं पाणी पिऊन वाढणारा ऊसही बोरूच्याच गवती गोतातला. हिब्रूत तर त्याचं नावच बोरू.

जाता जाता एक विनंती. आपल्या भागात पन्हाळ, मोरी, झिरा, पाट, बारव, उच्छ्वास, सुरंग बावी हे शब्द अजून माणसांच्या तोंडी आहेत. त्यातला एकेक शब्द पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं याची माहिती सांभाळून आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, आपल्या गावात पाण्याला काय काय नावं होती आणि ती कोणत्या जागेला होती. नाव वहीत लिहा आणि त्या जागेपर्यंत एकदा चालत जा. जागेसह लिहिलेलं नाव कोड्यात जात नाही. दावीदाच्या माणसांपैकी कुणी एवढं केलं असतं, तर त्सिनोर कुठे होता हे आज सांगता आलं असतं.